चौदा नंबरची मिस आर्डिथ आणि दहा वर्षांचा नियम

"हा ट्रेलर कोणत्या सालचा?" असं पार्काच्या नव्या व्यवस्थापकाने, प्रेंटिस गेजने, विचारलं तेव्हा मिस आर्डिथ त्या ट्रेलरखाली उताणी पडून चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरत होती. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे बूट. तिने तिथूनच सांगितलं, "चौऱ्याऐंशीचा. आणि तुम्ही?"

गेज हसला. त्याचं हसू नेहमी तीनच ठोक्यांचं असतं, हं हं हं, आणि मग झाकण लावल्यासारखं बंद. मग त्याने हातातल्या पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या ट्रेलरकडे गेला. त्याने काय लिहिलं ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. प्रत्येकाच्या दाराच्या जाळीला एकेक कागद खोचलेला होता: मलबेरी बेंड पार्क आता नव्या कंपनीचं आहे, दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर यापुढे इथे राहू शकत नाही, तीस सप्टेंबरच्या दुपारी बारापर्यंत तो हलवावा. बारानंतर जो ट्रेलर फाटकाच्या आत असेल तो मालकाने टाकून दिला असं समजून कंपनी त्याची विल्हेवाट लावेल.

विल्हेवाट. आमच्या घराची. आणि खाली लिहिलं होतं, आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी.

पार्कात, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, असे जुने ट्रेलर पाच होते. त्यातला एक आमचा, माझा आणि आईचा, अठ्ठ्याण्णव सालचा. नऊ नंबरला ऑर्व्हल टीग, नदीवर मासे धरण्यात आयुष्य घालवलेला म्हातारा, त्याचा त्याहून जुना. आणखी दोघांचे. आणि फाटकाला लागून, अक्रोडाच्या झाडाखाली, नदीचं वळण अख्खं दिसतं त्या चौदा नंबरच्या जागेत मिस आर्डिथ क्लेमचा. अकरा वर्षं ती तिथे राहत होती.

मिस आर्डिथबद्दल सांगायचं तर आधी तिच्या बोलण्याचं सांगायला हवं. ती दातांत नट धरून बोलते. कामात असली तर खराच नट असतो, नसली तरी तोंड तसंच. वाक्य लांबलं तर नट पडेल अशी तिला भीती असावी, म्हणून वाक्यं छोटी. आमच्या अर्कान्सासच्या डोंगरात लोक एका शब्दाला तीन वळणं देऊन बोलतात. ती उत्तरेकडची, इंडियानाची, जिथे अर्ध्या देशाचे ट्रेलर बनतात. तिथल्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं ट्रेलरचे सांगाडे जोडले, म्हणजे वेल्डिंग. दोन नवरे झाले, तरी आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात. एक देवाघरी गेला, एक फ्लोरिडाला. दोघांबद्दल ती सारख्याच आवाजात बोलते.

त्या कारखान्यात दिवसाला इतके सांगाडे झालेच पाहिजेत असं होतं. एकदा एका सांगाड्याच्या आडव्या दांडीला केसाएवढी चीर दिसली म्हणून तिने तो बाजूला काढून त्यावर खडूने फुली मारली. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहते तर मुकादमाने त्यावर काळा रंग मारून तो पुढे पाठवला होता. ती फुलीसुद्धा रंगाखाली. ही गोष्ट सांगताना तिचे कान अजून लाल होतात. चाळीस वर्षं झाली, पण जणू काल दुपारी घडलं. ती म्हणते, ज्याने कोणी तो ट्रेलर घेतला असेल त्याने पडदे कुठल्या रंगाचे आहेत ते नक्की पाहिलं असणार.

तिचा स्वतःचा ट्रेलर तिला एका लिलावात सापडला. पत्रा चेपलेला, आत उंदरांनी संसार मांडलेला. ती नेहमीसारखी आधी खाली शिरली, आणि सांध्याच्या शेवटी तिला एक छोटा आकडा दिसला, गळाच्या टोकासारखा वळलेला. वेल्डिंगचा प्रत्येक माणूस हात उचलताना आपली खूण ठेवून जातो, सही नसते तरी सहीच. तो सांगाडा वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तिनेच जोडलेला होता. तिने तो घेतला. लाकडी जमीन उखडून नवी घातली, ब्रेक नवे, चाकांचा आस नवा, छताचा प्रत्येक सांधा खरवडून पुन्हा लिंपला. आणि हा पोरगेलासा गेज, ज्याने आयुष्यात गुडघा जमिनीला टेकवला नसेल, तो तिला साल विचारून निघून गेला.

तर ती दारावरचा कागद घेऊन सरळ ऑफिसात गेली. मी तिथे टपाल घ्यायला उभी होते. गेज पेपरमिंटची गोळी गालात ठेवून बोलतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य एका बाजूने गोड येतं. तो म्हणाला की नियम त्याने केलेला नाही. मग म्हणाला की कंपनी जागा देत नाही, अनुभव देते. मग म्हणाला की काळाबरोबर आपण सगळ्यांनीच थोडं सुधारायला हवं, आणि तिच्यापुढे एक रंगीत पुस्तिका सरकवली, जुन्या ट्रेलरवाल्यांनी नवा कुठून घ्यावा याची. तिच्यात एका ट्रेलरच्या भिंतीत विजेची शेकोटी होती.

मिस आर्डिथने विचारलं, याचे ब्रेक कसे आहेत. गेजने पान उलटलं, मग परत उलटलं. पुस्तिकेत ब्रेक नव्हते.

"सुधारणा म्हणजे आधी टायर," ती म्हणाली. "मग ब्रेक. मग छताचा सांधा. त्यानंतर उरला जीव तर शेकोटी. तुम्ही येऊन पाचही ट्रेलर खालून बघा. नालायक असेल तो मी स्वतः ओढून भंगारात नेते. माझा असला तरी."

गेज म्हणाला की तपासणी हा कंपनीच्या धोरणाचा भाग नाही. वय कागदावर असतं, त्यामुळे ते सगळ्यांना सारखं लागू होतं, यातच खरा न्याय आहे. हं हं हं.

आता यातली खरी मेख मला तेव्हा कळली नव्हती, मिस आर्डिथला कळली. परत येताना ती एकेका ट्रेलरपाशी थांबून खाली वाकत होती. आमच्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "पोरी, त्याला आपण जायला नकोय. त्याला माहितीये आपण जाऊच शकत नाही."

आणि ते खरं होतं. आमच्याकडे माणसं ट्रेलर आणतात ते फिरायला म्हणून. मग एक उन्हाळा राहतात, मग ओटा बांधतात, मग ओट्याला छप्पर, मग ट्रेलरच्या तळाभोवती पत्र्याची झालर, तिच्याआड मांजराची पिल्लं, आणि दहा वर्षांनी चाकं आहेत हेच विसरतात. आमचे टायर डोळ्यांना छान दिसायचे. ऑर्व्हलच्या पुढच्या दांडीवर द्राक्षाचा वेल चढला होता. कंपनीला काही करावं लागणारच नव्हतं, नुसती घड्याळाकडे पाहत बसायचं होतं. पाच जागा आणि पाच घरं, फुकट.

याला अपवाद एकच. मिस आर्डिथ दर एप्रिलच्या पहिल्या रविवारी ट्रेलर पिकअपला जोडायची, तळ्याला पंचवीस मैलांची फेरी मारायची, आणि परत येऊन अक्रोडाखाली त्याच खुणेवर उभा करायची. कुठेही जायचं नाही, काही आणायचं नाही. आम्ही सगळे खुर्च्या टाकून बघायचो. ऑर्व्हल टाळ्या वाजवायचा, राणीची मिरवणूक निघाली म्हणायचा. मीसुद्धा तिची चाल करून दाखवायचे, ती जोडणीभोवती फिरते ती, कोंबडी दाणे शोधते तशी मान काढून. तिने कधी काही म्हटलं नाही. फक्त एकदा म्हणाली होती की जो ट्रेलर हलत नाही ती झोपडी असते, आणि झोपडीला जमीन स्वतःची लागते.

सप्टेंबरभर तिने आम्हाला एक दिवस सुखाने बसू दिलं नाही.

पहिलं काम टायर. टायरच्या बगलेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. आमचे निघाले दोन हजार आठच्या एकतिसाव्या आठवड्यातले. आई म्हणाली, पण नक्षी तर नवी आहे. मिस आर्डिथ म्हणाली की ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, बसून मरतो. पाच-सहा वर्षं झाली की तो दिसतो कसा हे विचारायचंच नाही, काढायचा. मग तिने आम्हाला बूट काढून आत टाच मारत चालायला लावलं. मोरीपाशी माझी टाच रुतली. पाणी छतातून शिरतं आणि सडते जमीन, म्हणून आधी वर चढून चीर शोधायची, मग खालची फळी बदलायची. उलट केलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हे ती अशा रागाने सांगायची की जणू चीर आम्हीच पाडली होती. एका अर्थी पाडलीच होती, बारा वर्षं वर कोणी चढलं नव्हतं.

ऑर्व्हलचं प्रकरण सगळ्यात वाईट. तो खर्जात, प्रत्येक शब्द चिखलातून पाय काढल्यासारखा उपसून बोलतो. त्याने वेल तोडला, टायर घातले, आणि सगळ्यांना बोलावून ट्रेलरची पुढची सोंड, जी पिकअपच्या लोखंडी गोळ्यावर बसते, ती खाली नुसती काठी घालून वर करून दाखवली. म्हणाला, "बघ आर्डिथ. पिसासारखी. माझ्या जुन्या गाडीला काडीचा त्रास नाही."

मिस आर्डिथचे कान लाल झाले. तिने विचारलं, मागच्या कपाटात काय आहे.

शिसं होतं. ऑर्व्हल गळाला लावायची शिशाची वजनं घरी ओततो, तीस वर्षं ओततोय. सगळा साठा शेपटाकडच्या कपाटात, शिवाय मागे लटकवलेलं बोटीचं इंजिन. पिकअप म्हातारी म्हणून तिच्यावर भार नको, या दयेपोटी त्याने जड ते सगळं मागे नेलं होतं. आमच्या नदीवरचा प्रत्येक मासेमार हेच करतो आणि वर फुशारकी मारतो.

तिने ऑर्व्हलच्या बायकोचा न्हाणीघरातला वजनकाटा मागवला. त्याच्या बायकोने तो देताना त्यावरचा आकडा हाताने झाकला. एका फळीचं एक टोक काट्यावर आणि दुसरं विटेवर ठेवून, सोंड फळीच्या अशा जागी टेकवली की काट्यावर तिसराच हिस्सा यावा. काट्याने साठ दाखवले. म्हणजे सोंडेवर एकशे ऐंशी पौंड. ट्रेलर पाच हजारांचा.

"पाचशे हवेत," ती म्हणाली. "दहातला एक भाग तरी पुढे. दीड असला तर उत्तम. एकशे ऐंशीने हा उतारावर शेपूट हलवायला लागेल. आधी थोडं. मग तुझी गाडी हलवेल. मग दोघं मिळून दरीत."

ऑर्व्हल म्हणाला की हलायला लागला तर मी ब्रेक दाबीन ना. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की त्याने टोपी काढली. मग तिने सावकाश समजावलं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं: गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. पाय उचलायचा, आणि डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी खिटी असते ती हाताने दाबायची, म्हणजे ट्रेलर मागून ओढून धरतो आणि सरळ होतो. पण मुळात शिसं पुढे ठेव. ऑर्व्हलने दोन दिवस बादल्या वाहिल्या, शिव्या देत, आणि प्रत्येक बादलीगणिक शिवी थोडी हळू होत गेली. तो आम्हाला सांगत होता की गेजला धडा शिकवायला काही करावं लागणार नाही, त्याला कोणी नदीत ढकललं तर तो आपोआप बुडेल. पण बादल्या पुढे गेल्या, आणि तो भार पेलायला त्याच्या पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जोड पाटाही बसला.

जायचं कुठे तेही तिनेच पाहून ठेवलं. बावीस मैलांवर तालुक्याच्या जत्रेचं मैदान आहे, तिथे वीज आणि पाण्याचे नळ आहेत आणि जत्रा संपली की वसंतापर्यंत कुत्रं फिरकत नाही. मैदानाच्या रखवालदाराने ट्रेलरचं साल विचारलं नाही. दिवे लागतात का एवढंच विचारलं.

तीस तारखेला सकाळी अकरापर्यंत आम्ही पाचही जण जोडून तयार. आमच्या पार्कात रस्ता एकच, एका गाडीपुरता, पुढे नदीपाशी बंद. वळायला जागा नाही. म्हणून आमच्याकडे आत यायचं ते उलट्या पावलांनी: मुख्य रस्त्यावर फाटक ओलांडून पुढे जायचं आणि मागे घेत घेत आत शिरायचं. हे इथे सगळ्यांना येतं, आईलाही. बाहेर जाणं मग सोपं, सरळ तोंडाने. मिस आर्डिथने सगळ्यांच्या आधी चौदा नंबर सोडला, पण मागे घेत नदीपर्यंत जाऊन रांगेत ती सगळ्यात मागे राहिली, कोणाचा दिवा गेला तर दिसावा म्हणून. ती प्रत्येकाच्या जोडणीपाशी मान काढून फिरली. गोळ्याची खिटी बसली का, साखळ्या खालून फुलीसारख्या आडव्या घातल्यात का, पायऱ्या आत आहेत का. कोणी हसलं नाही.

सव्वा अकराला गेज आला.

कंपनीने चौदा नंबरसाठी नमुन्याचा ट्रेलर पाठवला होता, बत्तीस फुटी, अंगावर लाटांची चित्रं. गेज तो स्वतः ओढत आला आणि आमची निघायची वेळ असताना फाटकात मागे घ्यायला लागला. दुपारी फोटो काढायचे होते म्हणे. त्याला हेच ठाऊक नव्हतं की ट्रेलर उलटा ऐकतो: स्टिअरिंग डावीकडे तर शेपूट उजवीकडे. तो डावीकडे वळवायचा, ट्रेलर उजवीकडे जायचा, तो घाबरून आणखी डावीकडे. चौथ्या वेळी ट्रेलर आणि पिकअप घडीच्या चाकूसारखे मिटले, आणि अख्खं धूड फाटकाच्या दोन दगडी खांबांत आडवं बसलं. पुढे जाईना, मागे येईना. निदान त्याच्याच्याने.

आम्ही आत, पाच ट्रेलर, तोंडं बाहेर. अकरा वाजून पंचवीस मिनिटं.

आई उतरून त्याच्याकडे गेली आणि म्हणाली की आता बारा वाजले तर तो तुमचा दोष. गेजच्या गालात गोळी नव्हती. तो म्हणाला की परिस्थिती त्याला समजते, पण कागदावर बारा लिहिलंय आणि तो नियम बनवत नाही. कंपनीकडे तो शब्द टाकून बघेल. आईचा आवाज चढला. ऑर्व्हल खाली उतरला आणि त्याच्या हातात शिशाचं एक वजन होतं, कशासाठी ते मला विचारू नका. त्याचं म्हणणं होतं की त्या लाटांवर एक खरा खड्डा पडला तर नमुना जास्त खरा वाटेल.

मिस आर्डिथ रांगेच्या शेवटून चालत आली. तिने ऑर्व्हलच्या हातातलं वजन काढून स्वतःच्या खिशात टाकलं. मग गेजच्या गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "उतरा."

तो उतरला.

आणि ही गोष्ट मला अजून गिळवत नाही. तो धोंडा वाटेतून काढायचा तर ठेवायचा कुठे? बाहेर घाट रस्ता, थांबायला जागा नाही. मोकळी जागा एकच होती, फाटकाला लागून. तिची. तिने गाडी थोडी पुढे घेऊन घडी उलगडली, मग हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला. आम्हाला तिने हेच शिकवलं होतं: हात खाली ठेव, जिकडे हात जाईल तिकडे शेपूट जाईल, आणि मुंगीच्या वेगाने. बत्तीस फुटी धूड अक्रोडाखाली असं सरकलं जसं ड्रॉवर कपाटात सरकतं. फांदीला घासलं नाही. अकरा वर्षं तिने ज्या खुणेवर ट्रेलर उभा केला त्याच खुणेवर, स्वतःच्या हाताने, तिने त्यांचा उभा केला. मग चाकांना लाकडी ठोकळे लावले. तेही तिचेच, तिथे पडलेले.

गेज आता गोड झाला. तिला बाजूला घेऊन म्हणाला, म्हणजे बाजूला कसलं, मी चार हातांवर होते, की तुमची गोष्ट वेगळी आहे, मिस आर्डिथ. तुमच्यासारखं माणूस पार्कात असणं सगळ्यांच्याच भल्याचं. नदीकडची सात नंबर मी तुमच्यासाठी रिकामी ठेवू शकतो, फक्त बाकीच्यांना बोलू नका.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती नमुन्याच्या ट्रेलरच्या टायरपाशी उकिडवी बसली होती, अंगठ्याने धूळ पुसत.

"हा कोणत्या सालचा?" तिने विचारलं.

गेज म्हणाला पंधराचा, म्हणजे आठच वर्षांचा, नियमात बसतो.

"टायरही पंधराचेच आहेत. नववा आठवडा. बगलेला चिरा पडल्यात, बोट घालून बघा." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "यावर तुम्ही घाट चढून आलात. मागे कोणी पोरंबाळं घेऊन येत असतील त्यांच्यापुढून. बदलल्याशिवाय हलवू नका. आणि माझी गोष्ट वेगळी नाही."

तिने किल्ली त्याच्या हातात दिली. गेजने हसायचा प्रयत्न केला, पण एकच ठोका आला.

बाराला सात मिनिटं असताना पाचवा ट्रेलर, तिचा, फाटकाबाहेर पडला. तिने अक्रोडाकडे पाहिलं का ते मला सांगता येणार नाही. आई गाडी चालवत होती आणि मला बाजूच्या आरशात मिस आर्डिथचे फक्त दिवे दिसत होते, दोन्ही लागलेले. घाटात ऑर्व्हल आमच्या पुढे होता. त्याचा ट्रेलर वळणांवर असा शिस्तीत चालला होता की जणू शाळेत निघालाय.

उतार संपल्यावर पेट्रोल पंपाशी तिने आम्हा सगळ्यांना थांबवलं. चाकांचे नट पुन्हा आवळायचे, नवी चाकं चढवली की पहिल्या काही मैलांत ते सैल पडतात. मग ती प्रत्येक ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मधल्या वाटीला हाताची पाठ लावत फिरली. वाटी तापलेली असली तर बेअरिंग गेलं समजायचं. आमची कोमट. ऑर्व्हलची कोमट. पाचही ट्रेलरची. स्वतःच्या ट्रेलरपाशी ती जरा जास्त वेळ वाकून राहिली, हात वाटीवरच ठेवून.

ऑर्व्हल टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, मैदानात झाड एकही नाही गं.

मिस आर्डिथ म्हणाली की झाड नाही तर डिंक गळणार नाही, छत स्वच्छ राहील. मग तिने खिशातलं शिशाचं वजन काढून त्याला दिलं.

"पुढे ठेव," ती म्हणाली. "आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी फेरी आहे. सगळ्यांनी."